डेटोनाची निळी गाडी

फिलाडेल्फियाला जाणारा पाहुणा तडा गेलेली लिबर्टी बेल बघतो आणि इंडिपेंडन्स हॉलसमोर फोटो काढतो. सिनेमातला रॉकी कलासंग्रहालयाच्या ज्या पायऱ्या धावत चढतो, त्याच पायऱ्या धापा टाकत चढतो आणि संध्याकाळी परत फिरतो. न्यू जर्सीत, एडिसनच्या आसपास, लेकीकडे किंवा मुलाकडे मुक्कामाला आलेल्या मराठी आईवडिलांची यादीही साधारण इथेच संपते. शहराच्या दक्षिणेला, विमानतळाच्या बाजूला जायचं कुणाच्या डोक्यातही येत नाही. गोदामं, मालट्रक आणि लांबलचक कुंपणं असलेल्या त्या रुक्ष पट्ट्यात नॉर्विच ड्राइव्ह नावाचा रस्ता आहे. त्या रस्त्यावर बाहेरून कारखान्याची शेड वाटावी अशा इमारतीत सिमिओन ऑटोमोटिव्ह म्युझियम आहे. तिथे एक निळी गाडी उभी आहे. तिच्यावर पांढरे पट्टे आहेत, पत्र्यावर पोचे आणि ओरखडे आहेत आणि रंग जागोजागी उडालेला आहे.

तिचा चासी क्रमांक सीएसएक्स २२८७. शेल्बी कोब्रा डेटोना कूपे या जातीच्या सहाच गाड्या बनल्या, त्यांतली ही पहिली. बाकीच्या पाचांचे पत्रे इटलीत मोडेनाच्या एका कारखान्यात ठोकले गेले. कॅलिफोर्नियात घडली ती ही एकटी.

गोष्टीची सुरुवात मात्र ल माँच्या सरळ रस्त्यावर होते. फ्रान्समधल्या त्या चोवीस तासांच्या शर्यतीत म्युल्सानचा जवळजवळ सहा किलोमीटर लांबीचा सरळसोट पट्टा होता, आणि तिथे ज्याची गाडी पळेल त्याचंच चालायचं. कॅरल शेल्बी हा टेक्सासचा गडी. कधीकाळी कोंबड्या पाळणारा, पट्ट्यापट्ट्यांच्या डांगऱ्या घालून शर्यतीत उतरणारा. १९५९ मध्ये ॲस्टन मार्टिन चालवून त्यानं ल माँ जिंकलं होतं. पुढे हृदयाच्या दुखण्यामुळे चालवणं सुटलं, तेव्हा तो गाड्या बनवायला लागला. इंग्लंडच्या एसी कंपनीची हलकी उघडी गाडी घ्यायची आणि तिच्यात फोर्डचं व्ही-८ इंजिन बसवायचं, एवढा सरळ हिशेब. कोब्रा ती हीच. वळणावळणाच्या छोट्या मार्गांवर ती कुणाला ऐकत नसे. म्युल्सानवर मात्र ताशी १६० मैलांच्या आसपास पोचली की हवेशी झगडण्यातच तिचा दम संपे. तिच्यापुढची फेरारी २५० जीटीओ तीन लिटरच्या इंजिनावर आणि कमी अश्वशक्तीवर तिला सहज मागे टाकी. उघडी गाडी म्हणजे हवेसाठी उघडी झोळीच.

नियमात एक फट होती. जीटी वर्गात खालचा सांगाडा आणि इंजिन मान्य झालेलंच हवं, पण वरचा साज बदलायला मुभा होती. फेरारीनंही तिचा फायदा घेतलाच होता. शेल्बीच्या कार्यशाळेत विशीतला पीट ब्रॉक नावाचा आरेखक होता. अगदी कोवळ्या वयात तो जनरल मोटर्समध्ये लागला होता. तिथे असताना वुनिबाल्ड काम या जर्मन संशोधकाची हवेच्या प्रवाहावरची जुनी टिपणं त्याच्या वाचनात आली होती. गाडीची शेपटी निमुळती करत लांबवत नेण्यापेक्षा ती एका ठिकाणी सपाट तोडली तरी हवेचा अडथळा फारसा वाढत नाही, असं काम यांचं म्हणणं. ब्रॉकनं तीच कल्पना उचलली.

काम झालं ते लॉस एंजेलिसमधल्या व्हेनिस भागातल्या शेल्बीच्या छोट्या कार्यशाळेत. मोडलेल्या कोब्राचा एक सांगाडा घेतला, त्यात केन माइल्स या चालकाला बसवलं, आणि त्याच्या डोळ्यांच्या रेषेवरून काच कुठे यावी, छत किती खाली घेता येईल, हे पुठ्ठे आणि चिकटपट्ट्या लावून ठरवलं. लाकडी साचा तयार झाला, त्यावर ॲल्युमिनिअमचे पत्रे ठोकून घेतले. जॉन ओल्सन या न्यूझीलंडच्या मेकॅनिकनं सांगाड्यावर जादा नळ्यांची त्रिकोणी बांधणी केली. छप्पर पेलणं हा तिचा एक उपयोग. दुसरा उपयोग जास्त मोलाचा ठरला: मूळची लवचिक चासी ताठ झाली आणि गाडी वळणांवरही सुधारली. हवेच्या शास्त्रातल्या एका जाणकारानं आराखडा पाहून हे चालायचं नाही असं शेल्बीला सांगितलं होतं. कार्यशाळेतल्याही बऱ्याच जणांचा भरवसा नव्हता. माइल्सचा होता.

१ फेब्रुवारी १९६४ ला गाडी रिव्हरसाइडच्या ट्रॅकवर उतरली. उघड्या कोब्रापेक्षा माइल्सनं प्रत्येक फेरीला सुमारे साडेतीन सेकंद वाचवले. शर्यतीच्या जगात दशांश सेकंदासाठी लोक भांडतात, तिथे साडेतीन म्हणजे वाद मिटल्यातच जमा. आज त्या जागी काही बघायला जावं तर ट्रॅक नाही. तो १९८९ मध्ये बंद झाला आणि त्या जमिनीवर मोरेनो व्हॅलीचा मॉल उभा आहे. गाडी जपायची की नाही यावर अमेरिकेत निदान चर्चा होते, ती जिथे धावली त्या जमिनीचं कुणी फारसं मनावर घेत नाही.

दोन आठवड्यांनी फ्लोरिडातल्या डेटोनाची दोन हजार किलोमीटरची शर्यत. तिथल्या पहिल्या हजेरीवरूनच गाडीला नाव मिळालं. डेव्ह मॅकडोनाल्ड आणि बॉब होल्बर्ट ही जोडी पुढे होती. मागचं डिफरन्शियल तापत चाललं होतं. पिटमध्ये ओल्सन गाडीखाली शिरलेला असतानाच पेट्रोल सांडलं आणि आगीचा भडका उडाला. ओल्सन भाजला, गाडी शर्यतीबाहेर गेली. महिन्याभरात ती दुरुस्त होऊन सेब्रिंगच्या बारा तासांच्या शर्यतीला हजर होती आणि त्याच जोडीनं जीटी वर्ग जिंकला.

बेल्जियममधल्या स्पाच्या वेगवान मार्गावर चालक फिल हिलला गाडीचं मागचं अंग हलकं पडतंय, जागेवर राहत नाही, असं जाणवलं. ब्रॉकच्या मूळ आराखड्यात मागे हलवता येईल असा पंख होता, तो घाईत वगळला गेला होता. शेवटी तिथल्या तिथे पत्र्याची एक उभी पट्टी कापून शेपटीवर बसवली आणि गाडी शांत झाली. त्या वर्षी जूनमध्ये ल माँला दोन डेटोना उतरल्या. फिलाडेल्फियातली ही गाडी ख्रिस एमन आणि योखेन नेअरपाश चालवत होते. रात्री अल्टरनेटर गेला, बाहेरची बॅटरी लावून इंजिन सुरू केलं, आणि नियमावर बोट ठेवून पंचांनी तिला बाद केलं. दुसरी गाडी डॅन गर्नी आणि बॉब बाँडुरांट यांच्या हाती होती. ती एकूणात चौथी आली आणि जीटी वर्गात पहिली, फेरारीच्या पुढे. अजिंक्यपद मात्र त्या वर्षी हुकलं. मोंझाची शर्यत रद्द झाली आणि गुणांचा हिशेब फेरारीच्या बाजूनं मिटला. पुढच्या वर्षी, १९६५ मध्ये, ४ जुलैला फ्रान्समधल्या रीम्सला अजिंक्यपद पक्कं झालं. जागतिक जीटी अजिंक्यपद पटकावणारी शेल्बी ही पहिली अमेरिकी कंपनी, आणि तारीख अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाची. इतका जुळून आलेला योग कादंबरीकारानं लिहिला असता तर संपादकानं खोडला असता.

मग २२८७ ला एक विचित्र काम लागलं. नोव्हेंबर १९६५ मध्ये क्रेग ब्रीडलव्ह यूटामधल्या बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर जेट इंजिनाच्या गाडीनं जमिनीवरच्या वेगाचा विक्रम करायला गेला होता. त्याच्यामागे गुडइयर ही टायर कंपनी होती. प्रतिस्पर्धी आर्ट आर्फन्स फायरस्टोनचा. मैदान रिकामं दिसलं तर आर्फन्सला ते मिळेल, म्हणून गुडइयरला मैदान अडवून ठेवायला काहीतरी चालवायचं होतं. शेल्बीकडे निवृत्त होऊन पडलेली डेटोना होती. ब्रीडलव्ह आणि त्याच्या साथीदारानं ती तासन् तास मिठावर पळवली आणि दोन डझनांच्या आसपास राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय विक्रम तिच्या नावावर झाले. जागा धरायला आणलेली गाडी इतकं करून गेली. त्याच महिन्यात ब्रीडलव्हच्या जेट गाडीनं ताशी ६०० मैलांचा आकडा ओलांडला आणि वर्तमानपत्रांनी डेटोनाकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

वापर संपलेली शर्यतीची गाडी ही त्या काळी अडचणच. रस्त्यावर नीट चालत नाही, शर्यतीत जुनी झालेली. सीएसएक्स २२८७ खेळण्यातल्या मोटारी बनवणाऱ्या एका उद्योजकानं काही हजार डॉलरला घेतली. त्याच्याकडून ती गाण्यांचा निर्माता फिल स्पेक्टर यानं घेतली. स्पेक्टर ती लॉस एंजेलिसच्या रस्त्यांवर चालवी. वेगाच्या दंडाच्या पावत्या इतक्या साठल्या की वकिलानं गाडी काढून टाकायला सांगितलं, असं सांगतात. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यानं ती आपल्याच अंगरक्षकाला हजार डॉलरला देऊन टाकली. अंगरक्षकाकडून ती त्याच्या मुलीकडे गेली. तिनं ती कॅलिफोर्नियात भाड्याच्या गाळ्यात ठेवली आणि वर्षानुवर्षं कुणाला दाखवलीसुद्धा नाही. संग्राहकांनी पत्रं लिहिली, माणसं पाठवली. मोठमोठ्या रकमा समोर ठेवल्या, तरी ती बधली नाही. बाकी पाच गाड्यांचा ठावठिकाणा जगाला माहीत होता. पहिलीची मात्र नुसती दंतकथा झाली.

२००० मध्ये त्या बाईंचा मृत्यू झाला. मग वारसा, विक्री आणि मालकी यांवरून कोर्टकचेऱ्या झाल्या. स्पेक्टरनंही आपला हक्क सांगून पाहिला. अखेरीस गाडी सुमारे चाळीस लाख डॉलर मोजून फिलाडेल्फियाच्या डॉ. फ्रेडरिक सिमिओन यांच्याकडे आली.

सिमिओन मेंदूविकाराचे शल्यविशारद. त्यांचे वडील याच शहरातल्या कामगारवस्तीत डॉक्टर होते आणि जुन्या गाड्यांची आवड घरातूनच आली. पन्नासेक वर्षं त्यांनी फक्त शर्यतीच्या स्पोर्ट्स गाड्या जमवल्या आणि २००८ मध्ये त्या सगळ्यांसाठी उघड्या केल्या. आत गेल्यावर पहिला धक्का बसतो तो अंधाराचा. गाड्या झगमगाटात रांगेत मांडलेल्या नाहीत. ल माँ, सेब्रिंग, वॉटकिन्स ग्लेन, बॉनव्हिल अशा शर्यतींचे देखावे उभारून त्या त्या गाड्या तिथे ठेवल्या आहेत. सिलिंडर आणि व्हॉल्व्ह यांच्या तांत्रिक माहितीत ज्याला रस नाही, त्यालाही कोण कुणाशी भिडलं हे कळतं. मर्सर रेसअबाउट, स्टट्झ बेअरकॅट इथपासून १९६३ च्या कॉर्व्हेट ग्रँड स्पोर्टपर्यंत अमेरिकी गाड्याही पुष्कळ आहेत. अशा ग्रँड स्पोर्ट एकूण पाचच बनल्या.

डेटोनाजवळ थांबलं की सिमिओन यांचा हट्ट दिसतो. गाडी हातात आल्यावर पहिला मोह कुठला होतो, ते कुठल्याही डेंटिंग-पेंटिंगवाल्याला विचारावं. जुना रंग खरवडून काढायचा, पोचे उठवायचे, लांबी भरायची, प्राइमर मारायचा आणि वर आरसा व्हावा असा निळा रंग चढवायचा. कॅलिफोर्नियातल्या पेबल बीचसारख्या प्रदर्शनांत कित्येक वर्षं असल्याच गाड्यांना बक्षिसं मिळत. कारखान्यातून निघाली तेव्हाही नव्हती इतकी चकचकीत करून आणायची, ही तिथली रीत. सिमिओन यांनी यंत्राची देखभाल करून गाडी चालती ठेवली आणि पत्र्याला हात लावला नाही. कारण पत्र्यावरच्या प्रत्येक खुणेमागे काहीतरी घडलेलं आहे, आणि एकदा सँडपेपर फिरला की ते कुणालाही परत आणता येत नाही. ऐतिहासिक गाड्यांच्या जतनावर त्यांनी २०१२ मध्ये एक पुस्तकही संपादित केलं. २०२२ मध्ये ते वारले.

त्यांच्या भूमिकेला सरकारी शिक्कामोर्तब म्हणावं असं काहीतरी जानेवारी २०१४ मध्ये झालं. अमेरिकेच्या राष्ट्रीय ऐतिहासिक वाहन नोंदवहीत पहिली नोंद झाली ती याच गाडीची. जुने पूल, कारखाने, इमारती यांचं दस्तावेजीकरण ज्या सरकारी निकषांनी होतं, त्याच निकषांनी तिची मोजमापं, छायाचित्रं आणि इतिहास तयार झाला. लेझरनं सगळा पत्रा मोजून घेतला आणि ती कागदपत्रं वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये गेली. कॅपिटलच्या शेजारच्या त्या ग्रंथालयात देशाच्या अनेक राष्ट्राध्यक्षांची कागदपत्रं असतात. त्यांच्याच शेजारी आता एका मोटारीचे पोचेही नोंदलेले आहेत.

हाच रस्ता बरोबर, असं मात्र नाही. उलट टोकाचं उदाहरण फोर्डच्या जीटी४० पी/१०४६ चं. १९६६ मध्ये ब्रूस मॅकलॅरन आणि ख्रिस एमन यांनी ल माँ जिंकलं ते हिच्यावर. फोर्ड कंपनीचा प्रमुख हेन्री फोर्ड दुसरा आणि फेरारीचा संस्थापक एन्झो फेरारी यांच्या भांडणातली हीच ती काळी गाडी. विजयानंतर तिला विश्रांती मिळाली नाही. चाचण्यांना जुंपली, पुढल्या वर्षी सोनेरी रंग फासून डेटोनाला उतरवली. पुढे ती मालकांच्या हातून फिरत राहिली. न्यू हॅम्पशायरमधल्या एका कार्यशाळेनं तिचं पुनरुज्जीवन केलं. जुनी छायाचित्रं भिंगाखाली धरून शर्यत सुरू होताना ती जशी होती तशी पुन्हा उभी करायची, असं ठरलं आणि ऑगस्ट २०१६ मध्ये, विजयाच्या पन्नासाव्या वर्षी, ती पेबल बीचला आली. काम अव्वल आहे. तरी त्यात एक निवड आहे: १९६६ च्या शर्यतीच्या शनिवारचा दुपारी चार वाजताचा क्षण ठेवला आणि १९६७ चा सोनेरी रंग पुसला. पी/१०४६ वर आधीच इतके हात पडले होते की वाचवण्यासारखं वरचं आवरण उरलेलं नव्हतं. तिच्या बाबतीत नवा रंगच शहाणपणाचा. डेटोनाच्या बाबतीत तोच गुन्हा ठरला असता.

फिलाडेल्फियाहून पश्चिमेला डेट्रॉइटजवळच्या डिअरबॉर्नला गेलं की तिसरी गाडी भेटते, आणि ती या दोन्हींपेक्षा बरीच जुनी. हेन्री फोर्ड म्युझियममध्ये २०२१ मध्ये अमेरिकी शर्यतींचं कायमचं दालन उघडलं. तिथे ‘ओल्ड सिक्स्टीन’ आहे. १९०६ मध्ये कनेक्टिकटमधल्या ब्रिजपोर्टच्या लोकोमोबिल कंपनीनं ती बनवली. अँड्रयू राइकर हा तिचा रचनाकार. चार सिलिंडर मिळून सोळा लिटरच्या वर क्षमता, म्हणजे डेटोनाच्या साडेतीनपट. एवढ्या मोठ्या इंजिनावर दोन खुर्च्या ठेवल्या आहेत, एक चालकाची, एक मेकॅनिकची. दारं नाहीत, काच नाही, पट्टे नाहीत. २४ ऑक्टोबर १९०८ ला जॉर्ज रॉबर्टसननं ही गाडी चालवून न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर व्हँडरबिल्ट कप जिंकला. या मानाच्या आंतरराष्ट्रीय शर्यतीत अमेरिकी गाडी प्रथमच पहिली आली होती. सरासरी वेग ताशी ६४ मैल, तोही बऱ्याच अंशी साध्या रस्त्यांवरून.

१९४१ मध्ये ती पीटर हेल्क या चित्रकारानं घेतली. हेल्कची ओळख मोटारशर्यतींच्या चित्रांसाठी. कुणाला वाटेल, रंगांचा माणूस, लगेच ब्रश उचलला असेल. त्यानं उचलला नाही. पुढली चारपाच दशकं गाडी त्याच्याकडे होती, तो ती चालवत होता आणि सोळा हा आकडा व त्याभोवतीचा काळवंडलेला रंग जसाच्या तसा राहिला. जतन हा शब्द मोटारवाल्यांच्या तोंडी रुळला तो फार नंतर.

डिअरबॉर्नमध्येच १९६७ ची लाल फोर्ड मार्क ४ आहे. अमेरिकी गाडी, अमेरिकी चालक आणि अमेरिकी संघ यांनी मिळून ल माँ जिंकलं ते त्या एकदाच. तिच्या छपरावर चालकाच्या बाजूला पत्र्याचा एक फुगवटा आहे. डॅन गर्नी उंच होता, शिरस्त्राण छताला लागत होतं, म्हणून तो केला. पुनरुज्जीवनाच्या नावाखाली उद्या कुणी ‘मूळ आराखड्याप्रमाणे’ छप्पर सपाट केलं, तर गर्नी गेलाच त्यातून.

जुनी गाडी चालवायची की नुसती ठेवायची, हा वाद वेगळा आणि तितकाच चिवट. उभ्या गाडीचंही नुकसान होतं. रबरी नळ्या कडक होतात, सील गळायला लागतात, टाकीत पेट्रोल कुजतं. मॅग्नेशिअमची जुनी चाकं आतून पोखरतात आणि बाहेरून धडधाकट दिसतात. चालवली तर टायर, क्लच, ब्रेक झिजतात आणि प्रत्येक नव्या भागागणिक जुनी गाडी थोडी कमी होते. सिमिओन म्युझियमनं मधला मार्ग काढला आहे. मागच्या बाजूला तीन एकरांचं डांबरी पटांगण आहे. ठरावीक शनिवारी काही गाड्यांचा इतिहास सांगतात, मग त्या बाहेर काढून फिरवतात. तिकिटाच्या पैशात व्ही-८ चा आवाज पोटात जाणवतो. लहान मुलांच्या कानांवर हात आणि आजोबांच्या चेहऱ्यावर हसू, हे तिथलं नेहमीचं दृश्य. जायचं असेल तर आधी तारखा बघून घ्याव्यात, कारण एरवी त्या गाड्या गप्प उभ्या असतात.

आणि ज्यांना हे सगळं जतन वगैरे नको, नुसती डेटोना कूपे चालवायची आहे, त्यांचीही सोय आहे. उरलेल्या गाड्यांपैकी एक २००९ मध्ये लिलावात सत्तर लाखांहून अधिक डॉलरला गेली, तेव्हा ते दार सामान्यांना बंदच. पण दक्षिण आफ्रिकेत बांधलेली, खुद्द पीट ब्रॉकनं हात फिरवून घडवलेली नवी आवृत्ती विकत मिळते. १९६४ च्या चालकांना बंद काचेच्या त्या केबिनमध्ये इंजिनाच्या धगीनं भाजून निघावं लागे. तिच्या नव्या बहिणीत एअर कंडिशनर आहे.